तरंगती पवनचक्की स्वतःलाच झोका देते तेव्हा

हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना आकडे कानावरून निघून जातात, म्हणून इथे ते जरा सावकाश मांडलेत. बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय. बसमध्ये, लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकलं असेल, तरी मधला कंट्रोलरचा भाग एकदा वाचून घ्या. खरी गंमत तिथे आहे.

तर, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर पीटरहेड नावाचं मासेमारीचं बंदर आहे. तिथून साधारण २५ किलोमीटर आत, उत्तर समुद्रात, पाच पवनचक्क्या उभ्या आहेत. 'उभ्या' म्हणायचं फक्त, कारण त्यांचे पाय जमिनीला टेकलेलेच नाहीत. खाली शंभरेक मीटर पाणी आहे आणि त्यात त्या तरंगतायत. नाव हायविंड स्कॉटलंड. ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला, जगातला पहिला तरंगता विंड फार्म. प्रत्येक पवनचक्की ६ मेगावॉटची. पात्याच्या वरच्या टोकापासून पाण्यातल्या बुडापर्यंत मोजलं तर उंची २५३ मीटर, त्यातले ७८ मीटर पाण्याखाली. एकेकीचं वजन अकरा-बारा हजार टन.

आता एवढा खटाटोप कशाला? समुद्रतळात खांब ठोकून पवनचक्की उभी करता येते, युरोपात अशा हजारो आहेत. पण पाणी साधारण ५०-६० मीटरपेक्षा खोल गेलं की त्या खांबाचं लोखंड आणि खर्च परवडत नाही. आणि चांगला वारा असलेला बराचसा समुद्र त्याहून खोल आहे. नॉर्वे, जपान, अमेरिकेचा पश्चिम किनारा, सगळीकडे हीच अडचण.

('आपल्या कोकणासमोर कधी?' हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. मुंबईसमोरचा समुद्र लांबपर्यंत उथळ आहे. मुंबई हाय किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्या पुढे असूनही तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपासच. आणि केंद्र सरकारने २०२४ मध्ये ज्या समुद्री पवनऊर्जेसाठी निधी मंजूर केला, ती गुजरात आणि तमिळनाडूसमोर, प्रत्येकी ५०० मेगावॉट, तळाला टेकलेली. म्हणजे तरंगत्यांचा नंबर आपल्याकडे नंतरच.)

हायविंडच्या खालच्या भागाला 'स्पार' म्हणतात. लांबलचक पोकळ नळकांडं, तळाशी जड भरती. लहानपणी कितीही पाडली तरी परत उभी राहणारी बाहुली असायची ना, तेच तत्त्व. वर तीन साखळ्या, त्या समुद्रतळात नांगरलेल्या, म्हणजे वाहून जाणार नाही. पण हलायचं थांबवायला या साखळ्या नाहीत. स्पार हलणारच. प्रश्न एवढाच की किती.

आणि हे बांधायच्या आधी कळायला हवं. ॲप रिलीज करून क्रॅश आला तर दुसऱ्या दिवशी पॅच टाकता येतो. बारा हजार टनांच्या खांबाला पॅच कसला टाकणार? म्हणून आधी तो संगणकात तरंगवतात.

पहिल्यांदा लाटेचं बघू. समुद्रावरची लाट वहीत काढतो तशी एकसारखी नसते. म्हणून सिम्युलेशनमध्ये शेकडो छोट्या साइन लाटा घेतात, प्रत्येकीचा वेग वेगळा, सुरुवात वेगळी, आणि त्यांची बेरीज करतात. कुठल्या लाटेत किती ऊर्जा टाकायची याचं वाटप एका वक्रावरून ठरतं. उत्तर समुद्रासाठी वापरतात तो वक्र 'जॉन्स्वॅप' नावाचा. १९६८-६९ मध्ये जर्मनीच्या झिल्ट बेटासमोर लाटा मोजल्या, त्यातून १९७३ मध्ये तो आला. सुरुवातीच्या फेजेस रँडम असतात, म्हणजे सीड बदललं की तोच समुद्र पण वेगळा तास. म्हणून एकाच हवामानासाठी पाच-सहा सीड चालवायची पद्धत आहे. एकाच तासात नशिबाने मोठी लाट आलीच नाही, तर त्याला डिझाइन म्हणता येणार नाही.

मग पाणी स्पारला कसं ढकलतं? इथे दोन जुन्या कल्पना अजून राज्य करतायत. एक १९५० ची, मॉरिसनचं समीकरण. कॅलिफोर्नियात समुद्रात ठोकलेल्या खांबांवर लाटेचा जोर किती, यासाठी ते तयार झालं. पाण्याच्या त्वरणाचा एक भाग आणि वेगामुळे होणाऱ्या ओढीचा एक भाग, बस. बारीक खांबाला ते छान चालतं. दुसरी कल्पना १९६२ ची, कमिन्स नावाच्या जहाजशास्त्रज्ञाची, आणि प्रोग्रॅमर म्हणून मला ती फार आवडते. बादलीत मग बुडवून जोरात हलवा. मग हलवायला लागतो त्यापेक्षा जास्त जोर लागतो, कारण भोवतीचं पाणीही सोबत हलवावं लागतं. वर मगामुळे लाटा उठतात, त्या कडेपर्यंत जातात, आणि मग थांबवला तरी पाणी काही वेळ हलत राहतं. म्हणजे पाण्याला आठवण असते! या क्षणाचा जोर फक्त या क्षणाच्या वेगावर ठरत नाही, मागच्या काही सेकंदांत तुम्ही कसे हललात त्यावरही ठरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर पाणी स्टेटफुल आहे.

हे सगळं दर क्षणाला नव्याने सोडवायचं म्हटलं तर संगणक रडेल. म्हणून स्पारचा आकार एकदाच घेतात, प्रत्येक वारंवारतेला पाणी किती अडवतं, किती सोबत येतं, लाट किती ढकलते याचं टेबल करून ठेवतात, आणि मुख्य सिम्युलेशन फक्त ते टेबल वाचतं. कॅशिंगच की! असं टेबल करायला 'कॅपिटेन' नावाचं पायथन पॅकेज फुकट मिळतं. याउलट पाण्याचा कणन् कण सोडवायचा, म्हणजे सीएफडी करायचं, तर काही मिनिटांच्या समुद्रासाठी मोठा क्लस्टर कितीतरी वेळ अडकून पडतो. ते क्वचित, खास तपासणीपुरतं करतात.

आता डिझाइनची पहिली युक्ती. तरंगणाऱ्या प्रत्येक वस्तूची स्वतःची एक लय असते. कलंडवून सोडली की किती सेकंदांत एक हेलकावा पूर्ण करते, ती लय. समुद्रातली बहुतेक ऊर्जा ५ ते २० सेकंदांच्या लाटांत असते. तुमच्या वस्तूची लय या पट्ट्यात आली की संपलं, प्रत्येक लाट नेमक्या वेळी ढकलणार. अमेरिकेतल्या एनआरईएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या जेसन जॉन्कमन यांनी २००७ च्या प्रबंधात एक चौकोनी तराफा तपासला होता, ४० बाय ४० मीटर, वर ५ मेगावॉटची पवनचक्की. त्याची डोलण्याची लय साधारण १२ सेकंद. बरोब्बर लाटांच्या मधोमध! मनोऱ्यावरचे ताण कसे वाढले असतील ते तुम्हीच बघा. स्पारची लय मात्र ३० सेकंदांच्या आसपास. लाट येते, ढकलते, आणि स्पार अजून विचार करतोय तोवर ओसरते.

म्हणजे लाटांना चुकवलं, प्रश्न सुटला? इथेच सॉफ्टवेअर गोंधळ घालतं.

आधी एक शब्द सोडवून घेऊ. 'पिच' म्हटलं की आपल्याला वानखेडे आठवतं. या विषयात त्याचे आणखी दोन अर्थ आहेत. अख्खी पवनचक्की पुढेमागे डोलते ते एक पिच, आणि प्रत्येक पातं आपल्या अक्षाभोवती वळतं ते दुसरं. मी इथे 'डोलणं' आणि 'पातं वळवणं' असंच म्हणतो, नाहीतर सगळ्यांचाच गोंधळ होईल.

पवनचक्कीला एका ठराविक वेगापर्यंत जितका वारा मिळेल तितका हवा असतो. संशोधनात सगळे जी नमुना पवनचक्की वापरतात, एनआरईएलची ५ मेगावॉटची, तिच्यासाठी हा वेग ११.४ मीटर प्रति सेकंद. त्याच्या पुढे जनरेटर भरला, आता जादा वारा नको. म्हणून कंट्रोलर पाती वळवून वारा सोडून देतो. साधा फीडबॅक लूप आहे. चाक ठरल्यापेक्षा जोरात फिरायला लागलं तर पाती वाऱ्यातून काढ, हळू झालं तर परत घाल. काही ओळींचा कोड. जमिनीवर हजारो पवनचक्क्या यावर निवांत चालतात.

याचा एक परिणाम लक्षात ठेवा. ११.४ च्या आसपास वारा त्या चाकाला मागे ढकलतो सुमारे ८० टन वजनाइतक्या जोराने. वारा २४-२५ झाला की हा जोर वाढायला हवा असं वाटतं ना? उलट साधारण निम्म्यावर येतो, कारण पाती वळलेली असतात. म्हणजे या पट्ट्यात वारा जास्त, तर ढकलणं कमी.

आता हीच पवनचक्की स्पारवर ठेवा आणि समुद्र अगदी शांत धरा. लाट नाही, वारा स्थिर, १५ मीटर प्रति सेकंद. कशानेतरी ती थोडी पुढे, वाऱ्याच्या दिशेने झुकली. वरचं चाक वाऱ्याकडे धावतंय, म्हणून त्याला वारा जास्त जाणवतो. स्कूटरवर बसलं की वारा लागतो तसाच. कंट्रोलरला वाटतं वारा वाढला. तो पाती वळवतो. ढकलणं कमी होतं. म्हणजे नेमकं ज्या क्षणी वाऱ्याने मागे रेटून तिला अडवायला हवं होतं, त्या क्षणी वाऱ्याने हात काढून घेतला. ती अजून पुढे जाते. मग वजनामुळे परत फिरते, आता मागे जातेय, वारा कमी जाणवतो, कंट्रोलर पाती परत वाऱ्यात घालतो, ढकलणं वाढतं, आणि ती आधीच मागे चाललेली असताना मागूनच आणखी धक्का मिळतो. झोपाळ्यावरच्या पोराला आपण कधी ढकलतो? ते ज्या दिशेला चाललंय त्याच दिशेला. नेमकं तेच. प्रत्येक फेरीत झोका थोडा मोठा. याला 'निगेटिव्ह डॅम्पिंग' म्हणतात. डॅम्पिंग म्हणजे हालचाल मुरवणारी गोष्ट, इथे ती उलटी होऊन हालचाल वाढवते.

हे फारच किरकोळ वाटतंय? हिशेब करू. डोलण्याच्या मध्यापासून चाकाची उंची १६० मीटर धरा. दोनच अंश डोललं तर वरचं टोक साडेपाच मीटर सरकतं. ३० सेकंदांची लय, म्हणजे कमाल वेग सुमारे १.२ मीटर प्रति सेकंद. कंट्रोलरला १५ चा वारा कधी १३.८ तर कधी १६.२ वाटणार. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनात वाढते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ही मोठी उलथापालथ. तो गप्प बसणारच नाही.

जमिनीवर हे का होत नाही? तिथला मनोरा ताठ असतो, त्याची लय तीनेक सेकंदांची. कंट्रोलर त्या मानाने सुस्त, त्याची स्वतःची लय दहा सेकंदांची. मनोरा थरथरून थांबेपर्यंत कंट्रोलरला पत्ता लागत नाही. स्पारवर नातं उलटतं. स्पार ३० सेकंदांचा, कंट्रोलर १० चा. आता कंट्रोलर इतका चपळ ठरतो की प्रत्येक झुकण्याला तो मनापासून प्रतिसाद देतो. कोडमध्ये बग नाही. प्रत्येक ओळ जे करायला लिहिली तेच करतेय. खालची जमीन तेवढी बदलली.

म्हणूनच मला हा विषय शिकण्यासारखा वाटतो. लाटांची टीम आपलं सिम्युलेशन करेल, सगळं हिरवं. वाऱ्याची टीम आपलं करेल, हिरवं. कंट्रोलवाले आपले युनिट टेस्ट चालवतील, तेही हिरवे. तिन्ही एकत्र, एकाच घड्याळावर, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या टप्प्याने चालवले की मगच ते राक्षसी डोलणं दिसतं. हायविंडच्या लोकांनी २००५ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या टँकमध्ये छोट्या मॉडेलवर चाचण्या घेतल्या आणि २००६-०७ च्या शोधनिबंधांत हे डोलणं आणि त्यावरचे उपाय मांडले. पहिली मोठी तरंगती पवनचक्की, २.३ मेगावॉटची हायविंड डेमो, त्यानंतर २००९ मध्ये समुद्रात गेली. क्रम बघा. घोळ आधी पकडला गेला, लोखंड नंतर पाण्यात पडलं.

उपाय? सरळ उपाय म्हणजे कंट्रोलरला मुद्दाम आणखी सुस्त करणं. नमुना पवनचक्कीत जमिनीवर त्याची वारंवारता ०.६ रेडियन प्रति सेकंद होती, स्पारसाठी ती ०.२ वर आणली, म्हणजे लय तीसेक सेकंदांच्या पुढे. डोलणं आटोक्यात येतं, पण फुकट नाही. सुस्त कंट्रोलरमुळे चाकाचा वेग जास्त वरखाली होतो, आणि विजेचं उत्पादनही. दुसरा उपाय थोडा हुशार. वर एक सेन्सर लावा, कंट्रोलरला सांगा की 'हा वारा वाढलेला नाही, तूच पुढे चाललायस', आणि ती हालचाल हिशेबातून वजा करा. एनआरईएल आणि डेल्फ्टच्या लोकांनी केलेल्या 'रॉस्को' या खुल्या कंट्रोलरमध्ये ही सोय आहे. माझं मत विचाराल तर दुसरा उपाय जास्त प्रामाणिक, कारण पहिल्यात माहिती नसल्यामुळे नुसतं गप्प बसायचं असतं.

आता जे अजून पूर्ण सुटलेलं नाही त्याबद्दल. मघाशी म्हणालो, लाटा २० सेकंदांच्या आत, आपण ३० च्या पुढे, म्हणून सुरक्षित. हे अर्धसत्य आहे. दोन लाटा घ्या, एक १० सेकंदांची, एक ११ ची. कधी त्या एकमेकींना साथ देतात, कधी खोडतात. एक साथ ते पुढची साथ यात किती वेळ जातो? हिशेब केला तर ११० सेकंद. म्हणजे दोन जलद लाटांच्या भांडणातून एक अतिशय हळू धक्का तयार होतो. आणि साखळ्यांनी बांधलेला तराफा पुढेमागे सरकायला साधारण तेवढाच वेळ घेतो! धक्का लहान असतो, पण तो त्याच्या लयीत येतो. सतारीच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की घुमारा ऐकू येतो, तसाच हा समुद्राचा घुमारा.

हा घुमारा सिम्युलेशनला नीट पकडता येत नाही. नेदरलँड्समधल्या मॅरिन संस्थेच्या टँकमध्ये पन्नासपट लहान मॉडेल तपासलं होतं. १२६ मीटरचं चाक तिथे अडीच मीटरचं. त्या मॉडेलचंही एक दुखणं होतं. लाटा लहान करायचा नियम वेगळा, वाऱ्याचा वेगळा, आणि दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. लाटांचा नियम पाळला तर छोट्या पात्यांवर हवा चिकटल्यासारखी वागते आणि चाक पुरेसं ढकललंच जात नाही. म्हणून पहिल्या, २०११ च्या चाचण्यांत वाऱ्याचा वेग वाढवावा लागला आणि २०१३ मध्ये वेगळ्या आकाराची पाती लावून चाचण्या परत घेतल्या. या मोजमापांशी वेगवेगळ्या देशांच्या गटांनी आपापली सॉफ्टवेअर ताडून पाहिली. ओसी-५ नावाचा हा प्रकल्प, निकाल २०१७ मध्ये आला. सिम्युलेशनने सांगितलेले ताण प्रत्यक्षापेक्षा सरासरी सुमारे २० टक्के कमी निघाले, आणि मुख्य संशय याच हळू धक्क्यांवर. पुढच्या ओसी-६ मध्ये लोक खास याच्यामागे लागले.

२० टक्के म्हणजे काय ते नीट बघा. लोखंडाची झीज ताणाच्या साध्या प्रमाणात होत नाही, घातात होते. जोडांच्या हिशेबात नेहमी लागणारा घात ३ धरला, तर ताण ८० सांगितला आणि निघाला १००, तरी झीज जवळपास दुप्पट. २५ वर्षांचा हिशेब बारा-तेरा वर्षांवर आला. म्हणून कंपन्या सुरक्षिततेसाठी जास्त लोखंड घालतात, आणि ते जास्तीचं लोखंड हेही तरंगती वीज महाग असण्याचं एक कारण. इथे एका समीकरणातली सुधारणा थेट वीजबिलात जाते.

हायविंड स्कॉटलंडचं काय झालं? पहिल्याच हिवाळ्यात वादळाचे १६० किलोमीटर वेगाचे झोत आणि आठ मीटरहून उंच लाटा तिने सोसल्या, आणि नोव्हेंबर ते जानेवारीत क्षमतेच्या ६५ टक्के वीज दिली. समुद्रातल्या पवनचक्कीसाठी हा आकडा झकास आहे. पुढे २०२४ मध्ये पाचही पवनचक्क्या मुख्य बेअरिंग बदलायला ओढत नॉर्वेला नेल्या. तरंगण्याचा हाही एक उपयोग म्हणायचा, गॅरेजला नेता येतात.

शेवटी, ज्यांचे हात शिवशिवतायत त्यांच्यासाठी. 'ओपनफास्ट' हे यातलं मुख्य सॉफ्टवेअर गिटहबवर खुलं आहे, बहुतेक फोरट्रानमध्ये लिहिलेलं (हो, फोरट्रान, हसू नका). साध्या लॅपटॉपवर चालतं. त्याच्या टेस्ट केसेसमध्ये ओसी-३ स्पारची तयार केस मिळेल, आणि कंट्रोलरच्या फोल्डरमध्ये दोन वेगळ्या फाइल्स, एक जमिनीवरच्या पवनचक्कीची, एक स्पारची. लाटा बंद करा, वारा स्थिर १५ ठेवा, स्पारला सुरुवातीलाच पाच अंश झुकवा. आधी स्पारचा कंट्रोलर लावून दहा मिनिटांचं सिम्युलेशन करा आणि डोलण्याचा आलेख काढा. मग फक्त कंट्रोलरची फाइल बदलून जमिनीवरची लावा, बाकी एक अक्षरही हलवू नका. दोन्ही आलेख एकावर एक ठेवा आणि स्क्रीनशॉट आम्हाला पाठवा. चांगले आलेले पुढच्या भागात दाखवू.